आमचे येथे न्यूजलेटर मिळेल

माझे पैसे देणारे वाचक एकतीस आहेत. चारचौघांत मी हा आकडा 'तिसाच्या वर' असा सांगतो, कारण 'वर' म्हटलं की ऐकणारा आपापल्या मगदुराप्रमाणे वर जातो. फुकट वाचणारे चारशेच्या घरात. नांदेडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात एवढी माणसं दुसऱ्या पंगतीला असतात, हे मला घरातूनच सांगण्यात आलं आहे.

पण आकड्यानं खचणारा मी नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली निघालं, त्याचे वर्गणीदार तरी किती, तीनशेच्या आसपास. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' एकहाती चालवली, ८४ अंक काढले. एकटा माणूस आपल्याला पटेल ते लिहितो आणि वर्गणीदारांना धाडून देतो, याला न्यूजलेटर नाही तर काय म्हणायचं? ही थोर परंपरा कुठून निघून कुठपर्यंत आली आहे, ते मी एका संध्याकाळी बायकोला सविस्तर समजावलं. चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून दिली होती, हेही ओघात आलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, त्यांना तरोडा नाक्याच्या फ्लॅटचा हप्ता नव्हता."

केव्हिन केली नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००८ साली एक हिशेब मांडला. लेखक-कलावंताला लाखो चाहते लागतच नाहीत. हजार सच्चे भक्त मिळाले आणि प्रत्येकामागे वर्षाला १०० डॉलर सुटले की संसार चालतो. हा हिशेब वाचून मी न्यूजलेटर काढलं. आमच्याकडचा सच्चा भक्त फोन करतो, "सर, मेल आलाय बरं का तुमचा. वाचतो निवांत." हा निवांतपणा निवृत्तीनंतर येत असावा.

मेल उघडला की नाही हे कळायला त्यात डोळ्यांना न दिसणारं एक टिंब असतं. ते उघडलं की आमच्याकडे नोंद पडते. पण २०२१ पासून आयफोनच्या मेलमध्ये हे टिंब आपलं आपणच उघडलं जाऊ लागलं. माझ्या यादीतले आयफोनवाले बहुतेक पुण्याचे. त्यामुळे पुण्यात माझं अक्षर न् अक्षर वाचलं जातं, असं यंत्र सांगतं. पुण्याबद्दल इतका चांगला समज करून घेणारं ते एकमेव यंत्र असेल.

पैसे घेणं ही तर वेगळीच विद्या. न्यूजलेटरचं दुकान थाटून देणारी सबस्टॅक दहा टक्के घेते. मला ते जास्त वाटले, म्हणून मी लेखाखाली साधा क्यूआर कोड टाकतो. आता वाचक लेख वाचणार मोबाइलवर आणि कोड स्कॅन करणार त्याच मोबाइलनं. स्वतःचा कान स्वतःच्या दातांनी चावण्यापैकीच हे. त्याचा फोटो काढून गॅलरीतून उचलायची युक्ती असते, पण तेवढी खटपट करणारा माणूस माझं लिखाण कशाला वाचेल? बहुतेकांनी शेजाऱ्याचा मोबाइल मागून घेतला, आणि शेजाऱ्यानं विचारलं, "कशाचे पैसे?" तिथं माझे बरेच वर्गणीदार गळाले.

दरमहा आपोआप पैसे कापण्याची सोय करून पाहिली, तर तिथं रिझर्व्ह बँक आडवी आली. ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास ग्राहकाला कळवावं लागतं. नियम रास्त आहे. पण लेख मोजून दोन मिनिटं वाचणाऱ्या माणसाला दर महिन्याला 'उद्या तुमचे ५० रुपये जाणार' असा इशारा मिळाला, तर तो अतिवृष्टीच्या इशाऱ्यासारखाच वागणार. सावध होणार.

जाहिरातीसाठी लातूरला गेलो. नीटच्या क्लासचे एक संचालक भेटले. वाचक किती, विचारलं. चारशे म्हणालो. "सर, शिवाजी चौकात एक बॅनर लावलं की सिग्नल सुटायच्या आत तेवढे बघतात," ते म्हणाले, आणि चहा पाजला. साखर बरोबर होती.

पोराच्या क्लाससाठी कर्ज काढणारा बाप मला म्हणतो, "तुमचं आवडतं हो, पण पन्नास रुपये म्हणजे..." तेव्हा मला राग येतो. कार्यक्रमाला बोलावतात, शाल देतात, नारळ देतात, रिक्षाचे पैसे मात्र खिशातले. लिहिण्याला कष्ट म्हणून कुणी धरतच नाही. पण २०१६ साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. घागरीच्या रांगेत दिवस घालवलेल्या माणसाकडे परिच्छेदाचे पैसे मागताना माझी जीभ अडखळते, आणि अडखळली म्हणून पुन्हा स्वतःचाच राग येतो. याचा हिशेब केली साहेबांनी कुठं केलेला नाही.

असो. कमाई ज्या अंकाला झाली तो अंक येळवसेचा, आणि त्याबद्दल मी जरा लांबड लावणार आहे. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी लातूर शहरात दुकानाला कुलूप, रस्त्याला कुत्रं नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि माठात आंबील. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबवण, पण ही झाली कोशातली माहिती. माझी आजी ती करायची तेव्हा लसूण ठेचल्याचा वास शेजारच्या आळीत जायचा, आणि माठ डोक्यावर घेऊन चालताना तिच्या लुगड्यावर एक ओघळ यायचाच. तो तिनं कधी पुसला नाही. भज्जीत तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, वाटाणा, चिंचेचा कोळ, बेसन, आणि ज्या भाजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही अशी एक भाजी. सोबत उंडे. दुपारी खाऊन कोपीत पडलं की पाचांतला भीम कोणता, हे आपोआप कळतं.

या आंबिलीवर मी इतकं लिहिलं की मेलपेटीनं लेख मध्येच कापला. साधारण १०२ केबीच्या पुढचं ती दाखवत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. म्हणजे मराठी माणूस तिप्पट लवकर संपतो. कापला तो नेमका क्यूआर कोडाच्या वर. तरीही हिंजवडीहून, बंगळुरूहून लातूरच्या पोरांनी नंबर शोधून पैसे पाठवले. रजा मिळाली नव्हती म्हणे. नांदेडच्या वाचकांनी मात्र 'सारखं लातूर-लातूर काय?' म्हणून खडसावलं. दोन्ही जिल्ह्यांनी दोन-दोन मुख्यमंत्री दिले, विभागीय आयुक्तालय कुणाकडे, यावरून भांडून झालं. आता माझे परिच्छेद मोजतात.

औशाजवळच्या गावातले एक निवृत्त गुरुजी माझे वर्गणीदार आहेत. मेल नातीच्या मोबाइलवर येतो. गुरुजी तो झेरॉक्स सेंटरवर छापून घेतात आणि पारावर मोठ्यानं वाचतात. ऐकणारे दहा-बारा, त्यातल्या निम्म्यांना प्रत घरी न्यायची असते. एका वर्गणीत एवढे? मी तक्रार करायला म्हणूनच गेलो होतो. गुरुजींनी छापील प्रत पुढं केली. समासात लाल शाईनं माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, आणि आंबिलीपाशी शेरा : 'ताक कमी पडले.' वर्षाची वर्गणी पाकिटात तयार होती, वर अकरा रुपये.

तक्रार राहिली. परतताना झेरॉक्सवाल्या पोरानं अडवलं. माझ्या लिखाणावर गेल्या अंकाला त्यानं जे कमावलं, ते माझ्यापेक्षा थोडं जास्तच होतं. म्हणाला, "सर, फाइल आदल्या दिवशी धाडत जा, गर्दी होते. पायजे तर दहा टक्के तुम्हाला देतो." मी पंधरावर अडून बसलो आहे.