सुपरमॅनच्या घरचं प्रकरण

"काकू, तुमच्या नातवाच्या त्या सुपरमॅनचं ऐकलंत का? फार वाईट फसवणूक झाली हो!"

"कोण, तो निळ्या कपड्यांवरून लाल चड्डी घालणारा? त्याला कोण फसवणार?"

"त्याला नाही, त्याच्या जन्मदात्यांना. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची दोन पोरं, जेरी सीगल आणि जो शूस्टर. एकाच शाळेतली, ज्यू घरांतली. जेरी लिहायचा, जो चित्रं काढायचा. १९३३ मध्ये त्यांनी पहिला सुपरमॅन रचला, तर तो टकल्या खलनायक!"

"अगंबाई! आणि मग सुधारला?"

"यांनीच सुधारला. पण छापायला कोणी तयार नाही. शेवटी १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रकाशकानं घेतला. वर्तमानपत्रासाठी काढलेली चित्रं कापून, चिकटवून १३ पानं केली. पानाला १० डॉलर, म्हणजे १३०. आणि त्यात सगळे हक्क कायमचे लिहून दिले."

"कायमचे? घरात कोणी मोठं माणूस नव्हतं?"

"जेरीचे वडील आधीच गेलेले. १९३२ साली त्यांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले, तेव्हा कोसळले ते उठलेच नाहीत. गोळ्या अंगावर झेलणारा माणूस त्या पोराला का सुचला, यावर लोक बोलतात. मी काही म्हणत नाही."

"म्हणतेयस की! पण रूप पालटून राहणं काय नवं? अर्जुनसुद्धा बृहन्नडा झालाच होता."

"त्यांच्याकडेही १९१९ चा झोरो होता, दिवसा नेभळट आणि मुखवटा चढवला की तलवारबहाद्दर. अंगाला घट्ट बसणारे कपडे तर १९३६ पासून वेताळ घालत होता. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ हो. पण उचलून गाडी आपटण्याइतकी ताकद, डोळ्यांत भरणारा पोशाख आणि दुहेरी आयुष्य एकत्र आलं ते या दोघांमुळे. पुढचे सगळे त्याच वाटेनं आले, बॅटमॅन तर वर्षभरातच."

"मग फसवणूक कळल्यावर गप्प बसले?"

"छे! १९४७ साली कोर्टात गेले. हक्क मिळाले नाहीत, काम मात्र गेलं आणि अंकावरचं नावही पुसलं. आणि काकू, खरी बातमी पुढेच आहे. सुपरमॅनची ती प्रेयसी, लोइस लेन, काढताना जोनं जिला समोर बसवून चित्रं काढली, तिनं १९४८ मध्ये लग्न केलं ते जेरीशी! पहिल्या बायकोला सोडून!"

"शिव शिव! आणि जो?"

"दोस्ती टिकली. बिचाऱ्याची दृष्टी मात्र अधू झाली. १९७५ साली मोठा सिनेमा निघणार कळल्यावर जेरीनं जाहीर पत्रक काढून बोंब ठोकली. तेव्हा कुठे कंपनीनं दोघांना वर्षाला २०,००० डॉलर लावून दिले आणि नावं परत छापली."

"आणि तो पहिला अंक?"

"१० सेंटचा. त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेली."

"आणि पोरांना १३०! कागदावर सही असेल गं, पण मी तर याला सरळ लुबाडणूकच म्हणेन."