मागची बाजू दाखवा

रात्री साडेअकरानंतर माझ्याकडे कोणाचं काही काम नसतं. बायको झोपलेली असते, ऑफिस मिटलेलं असतं आणि पुण्यात आई उठून फोन करेपर्यंत दोनेक तास हातात असतात. या दोन तासांत मी जर्मन लष्करी पदकं बघतो. बघतो म्हणजे नुसती बघतो. विकत घेण्याचा प्रसंग गेल्या चार वर्षांत तीनदा आला, त्यातला एक बोट चुकून लागल्यामुळे. लक्ष्मी रोडवर अख्खं कपाट गादीवर उतरवायला लावून ‘जरा पुढे बघून येतो’ म्हणत उठणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल मी पूर्वी फार बोलायचो. ते सगळे शब्द मागे घेतो. ती मंडळी निदान पदर हातात धरून तरी बघतात.

आम्ही राहतो बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात. क्रॉइत्सबेर्ग म्हणजे क्रुसाची टेकडी. नेपोलियनविरुद्धच्या लढायांचं स्मारक १८२१ मध्ये या टेकडीवर उभं राहिलं, त्याच्या शेंड्यावर लोखंडी क्रूस बसला आणि टेकडीला तेच नाव पडलं. स्मारक कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकाराचं, आणि पदकाचा आराखडाही त्यानेच पक्का केलेला. जग ज्याला आयर्न क्रॉस आणि जर्मन लोक आयझेर्नेस क्रॉइत्स म्हणतात ते हे पदक प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने मार्च १८१३ मध्ये सुरू केलं. हुकूम निघाला जरा उशिरा, पण त्यावर तारीख घातली १० मार्चची, कारण तो त्याच्या दिवंगत राणीचा वाढदिवस. कागदपत्रांची भानगड राजापासूनच चालत आलेली आहे, हे लक्षात ठेवून मी हल्लीच्या विक्रेत्यांवर फार रागावत नाही. थोडाच रागावतो.

विकायच्या वस्तूचा फोटो कसा काढू नये, याचे वर्ग या देशात कुठेतरी गुपचूप भरत असावेत. मला बघायची असते ती चांदीच्या चौकटीवरची बारीक दाण्यांची ओळ आणि वरच्या कडीवरचा कारखान्याचा शिक्का. हा शिक्का तांदळाच्या कणीवर मावेल एवढा असतो. फोटोत दिसतात टेबलावरच्या मेणकापडावरची सूर्यफुलं, एकेक पाकळी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. त्यांच्या मधोमध काळा ठिपका. तो क्रॉस. दुसरा फोटो त्याच बाजूचा, जरा लांबून. तिसऱ्यात विक्रेत्याचा अंगठा. मी नम्रपणे लिहितो, ‘कृपया मागची बाजू दाखवावी.’ दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘मागची पुढच्यासारखीच आहे.’ ती नसते. १९१४ च्या क्रॉसवर पुढे मुकुट, ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि १९१४ असतं. मागे मुकुटाखाली ‘एफ डब्ल्यू’, ओकची पानं आणि १८१३. एवढं कळवल्यावर तो माणूस मला ‘ब्लॉक’ करतो.

आणि मग तो माळा. डाखबोडेनफुंड हा विक्रेत्यांचा लाडका शब्द, म्हणजे माळ्यावर सापडलेलं. जे पदक बघताच मनात पाल चुकचुकते, ते हमखास माळ्यावरून आलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात इथली शहरंच्या शहरं छपरांसकट जळाली असं मी वाचत आलो होतो. रोजच्या अनुभवावरून सांगतो, माळे सगळे शाबूत आहेत. एकाच गृहस्थाने वर्षभरात अकरा माळे उपसल्याचं मी मोजलं आहे. प्रत्येक माळ्यावरचे आजोबा निराळे, मेणकापड तेच.

रविवारच्या जुन्या बाजारात एक म्हातारे संग्राहक भेटतात. डोळ्याला भिंग अडकवलेलं, खिशात लोहचुंबक, बोलणं कमी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला या छंदाचा मंत्र दिला, ‘वस्तू घ्यायची, गोष्ट घ्यायची नाही.’ गोष्टीचे पैसे लावतात, पण गोष्ट पुन्हा विकता येत नाही. मी तो मंत्र कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला. आमच्याकडे त्या जागी पूर्वी गणपती होता. तो आता फ्रिजवर आहे.

मी पहिल्या महायुद्धापुरताच आहे, हे मी सगळ्यांना सांगतो. सगळेच तसं सांगतात. १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस पन्नास लाखांच्या आसपास लोकांना मिळाला, त्यामुळे तो आजही नवराबायकोच्या एका बऱ्या जेवणाच्या पैशात येतो. पण बोट पुढे सरकतं आणि १९३९ येतं. तिथे मधोमध स्वस्तिक. आपलं नव्हे, ते. जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ प्रमाणे ते चारचौघांत दाखवायला बंदी, म्हणून विक्रेते त्यावर पिवळी गोल चिकटपट्टी लावतात. मधल्या चिन्हावरचा काळा रंग मूळचा आहे की नंतर फासलेला, हे ज्या जागी बघायचं नेमकी तीच जागा झाकलेली. बघण्यालायक जागा सोडून सगळं दिसतं.

लिलावांचं आणखी वेगळं. तिथे यादी उघडण्याआधी एका चौकटीत खूण करून लिहून द्यावं लागतं की, मी हे सारं नागरी प्रबोधनासाठी, घटनाविरोधी प्रवृत्तींच्या प्रतिकारासाठी आणि इतिहाससंशोधनासाठी बघतो आहे. मी रात्री पाऊण वाजता, लेंगा-बनियनवर, मांडीत चिवड्याची वाटी घेऊन गेली चार वर्षं जर्मनीतल्या घटनाविरोधी प्रवृत्तींचा प्रतिकार करतो आहे. याची कोणी दखल घेतलेली नाही.

बरं, वस्तू घरी आली तरी ती खरी का, हे वस्तू सांगत नाही. गाभा लोखंडी हवा, म्हणून चुंबक लावायचा. चिकटला तर छान, पण खोटे करणाऱ्यांनाही लोखंड मिळतं. नाही चिकटला तर वाईट, पण काही अस्सल क्रॉसचे गाभेही बिनलोखंडी निघतात. मग फीत. युद्धानंतरच्या धाग्यात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती अतिनील प्रकाशात निळसर पेटतात. जुनं सूत पेटत नाही. मी तसली बॅटरी मागवली आणि बाथरूममध्ये दिवा मालवून तपासायला बसलो. बाहेरून बायको म्हणाली, “अहो, अंधारात काय चाललंय?” फीत पेटली नाही. टॉवेल पेटला, माझा बनियन पेटला आणि कमोडच्या मागची, परवाच मी घासल्याचं सांगितलेली फरशी पेटली. पदकावर त्या रात्री पुढे बोलणं झालं नाही.

याहून वरच्या पायरीवर नाइट्स क्रॉसवाले बसतात. गळ्यात घालायचा हा क्रॉस दुसऱ्या महायुद्धात सुमारे सात हजार तीनशे लोकांना मिळाला, म्हणून त्याची किंमत हजारो युरोंत जाते. घोळ असा की, ल्यूडेनशाइड गावातल्या एका कारखान्याने युद्ध संपल्यावरही जुन्याच ठशांवर ते काढले. ठसा झिजला, चौकटीच्या दाण्यांत चीर गेली. आता भांडण हे, की ही चीर मे १९४५ च्या आधीची की नंतरची. आधीची असेल तर मोटार येईल. नंतरची असेल तर तेच लोखंड, तीच चांदी, तोच ठसा, कदाचित कारागीरही तोच, आणि हातात खेळणं. या एका चिरेपायी एकमेकांशी बोलणं टाकलेली दोन माणसं मला माहीत आहेत. ती चीर कोणत्या राजवटीच्या पदकात गेली हा विषय मात्र निघत नाही. आमच्यात राजकारण बोलत नाहीत.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून ही पदकं स्वस्तिक काढून, ओकची पानं घालून वापरायला परवानगी दिली. ती उघड विकता येतात, स्पष्ट फोटो मिळतात, मागची बाजू न मागता दाखवतात. म्हणून ती आम्हाला फारशी नको असतात.

गंमत म्हणजे ज्यांच्या छातीवर ही लागली, त्यांना आमच्याइतका भक्तिभाव नव्हता. १९४१-४२ च्या रशियन हिवाळ्यात गारठलेल्यांसाठी निघालेल्या पदकाला सैनिक ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणत. जर्मन क्रॉस हा भलाथोरला तारा त्यांच्या लेखी ‘अंड्याचं ऑम्लेट, बलक न फोडलेलं’. एखाद्या अधिकाऱ्याला नाइट्स क्रॉसची हाव सुटली की म्हणायचे, ‘साहेबांचा घसा दुखतोय’. आणि साहेबांच्या घशाला उतार पडेपर्यंत आपलं काही खरं नाही, हे प्लाटूनला कळायचं. हे मी त्या भिंगवाल्या म्हाताऱ्यांना एकदा हसत सांगितलं. ते म्हणाले, “ही गोष्ट झाली.” आणि पुन्हा कडी बघू लागले.

आता ऑफिस. मागच्या महिन्यात मी आठ सहकाऱ्यांसमोर माझा स्क्रीन दाखवत होतो. खरेदी विभागाचं पान उघडायचं होतं. जर्मनमध्ये खरेदीला आइनकाउफ म्हणतात. मी पहिली दोनच अक्षरं टाइप केली. उरलेलं ब्राउझरने आपल्या मनाने, मोठ्या हौसेने पुरं केलं: ‘आयझेर्नेस क्रॉइत्स, १९३९, पहिला वर्ग, पेटीसकट, स्वस्त’. जर्मन माणूस अशा वेळी काही बोलत नाही, पाणी पितो. आठही जण पाणी प्यायले. तेव्हापासून मला जेवायला बोलावतात तेव्हा विषय फुटबॉलचाच असतो, आणि मी कोथरूडचा आहे याला कोणी सौम्य परिस्थिती धरत नाही. जाहिरातींनीही माझ्याविषयी मत बनवलं आहे. मला ठिपक्याठिपक्यांच्या विजारी, तळघरात टिकणारं महिन्याचं डबाबंद अन्न आणि घोट्यापर्यंतचे बूट दाखवतात. माझा पाय सपाट आहे.

बायकोला मी दिलेलं कारण देशभक्तीचं आहे. नेताजी जर्मनीत असताना १९४२ मध्ये त्यांनी आझाद हिंदची पदकं सुरू केली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद. ती घडली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सोउवाल यांच्या कारखान्यात. ‘आपल्या माणसाचं पदक आपल्या घरी नको का?’ असं म्हटल्यावर पहिली दोन वर्षं शांततेत गेली. मग एकदा तिने चहा गाळता गाळता विचारलं, “मिळालं का हो नेताजींचं?”

“मिळतात तशी. पण त्या कारखान्यात युद्धानंतरही पदकं निघत राहिली. त्यामुळे तेव्हाचं की नंतरचं, खात्रीने सांगता येत नाही.”

“म्हणजे नेताजींचं चाललंय तेच पदकाचं,” ती म्हणाली आणि साखर घालायची विसरली. विसरली असं मी धरून चालतो.

पार्सलांची तर निराळीच कटकट. इथे माणूस घरी नसला की पोस्टमन पार्सल शेजारी देऊन जातो. आमचं सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे जातं. ऐंशी ओलांडलेल्या, काठीने चालणाऱ्या, पार्सल देताना ते कानाशी हलवून बघणाऱ्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलंच, या एवढ्याशा खोक्यांतून येतं काय. खोटं बोलण्याइतकं माझं जर्मन चांगलं नाही. मी सांगितलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात बटणं होती. कोटाची, पोलक्याची, उशांच्या अभ्र्यांची. बोटांनी चाळत चाळत त्यांनी तळातून एक काळा क्रूस काढला.

बघताक्षणी ओळखला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने जुलै १९३४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी काढलेला सन्मान क्रूस. तलवारींचा, आघाडीवर लढलेल्यांना. बिनतलवारींचा, बाकीच्यांना. आणि काळ्या रोगणाचा, विधवांना आणि आईवडिलांना. अर्ज केल्याशिवाय मिळत नसे.

“माझ्या आजीचा,” आजी म्हणाल्या. “आजोबा व्हेर्दूनला गेले. १९१६. माझ्या वडिलांना तेव्हा चालताही येत नव्हतं. आजीला हे नकोच होतं. पण शेजारणींनी अर्ज केले, मग ही एकटी कशी राहणार? अठरा वर्षांनी रांगेत जाऊन उभी राहिली, आणि तिथे टेबलावरच्या पोऱ्याने तिला विचारलं…”

मी क्रूस उलटा केला होता. रोगण मूळचं, कोपऱ्यात जरासं उडालेलं. फोर्झहाइमचा शिक्का होता, पण शेजारचा आकडा लागत नव्हता. खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले, नखाने मळ खरवडला. अकरा असावा. किंवा सतरा.

आजींचं बोलणं थांबल्याचं जरा उशिरा ध्यानात आलं.

“झालं बघून?” त्यांनी हात पुढे केला. क्रूस डब्यात गेला, त्यावर बटणं सारखी केली, झाकण तळव्याने दाबून बसवलं. माझं पार्सल मला दिलं. या वेळी हलवून बघितलं नाही.

रात्री शोधलं. विधवांचे पुष्कळ आहेत आणि महागही नाहीत. बारा पानं उघडून ठेवली आहेत. मागची बाजू दोघांनीच दाखवली आहे.