कुठे खट्ट झालं की

चाकू कापण्यासाठी घेतात, असं ज्यांनी कधी महागडा चाकू घेतलेला नाही त्यांनाच वाटतं. कापायचंच असेल तर तुळशीबागेत जावं, प्लास्टिकच्या मुठीची सुरी घ्यावी, मूठ सुटेपर्यंत वापरावी आणि दुसरी आणावी. खिशातला महागडा घडीचा चाकू माणूस घेतो तो उघडायला आणि मिटायला. मधल्या काळात काही कापलं गेलंच, तर तो योगायोग.

माझा चाकू ख्रिस रीव्ह यांच्या कारखान्यातला, मॉडेल सेबेन्झा. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. 1984 मध्ये तिथे त्यांनी चाकूंचा धंदा सुरू केला आणि पुढे अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावी बस्तान हलवलं. आयडाहो अमेरिकेत बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. चाकूची किंमत चारशे डॉलरच्या घरात. घरी सांगताना मी आकडा अगदी खरा सांगितला, चलन तेवढं सांगितलं नाही. तरी आई म्हणालीच, "चारशे? वेड्या, मंडईत साठला मिळतो."

मंडईतल्या साठच्या चाकूत काय नसतं, तर सांधा. सेबेन्झाची मूठ म्हणजे टायटॅनियमच्या दोन फळ्या. त्यातल्या एका फळीला लांब चीर देऊन एक पट्टी मोकळी ठेवलेली असते. अंगठ्याने पात्यावरची गुंडी ढकलली, की पातं गोल फिरून बाहेर येतं आणि ती पट्टी स्वतःच्याच ताणाने आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. झालं कुलूप. वेगळी स्प्रिंग नाही, बटण नाही. मूठ हेच कुलूप. ही युक्ती रीव्ह यांची. आज जगभरचे कारखाने ती सर्रास वापरतात. पट्टी टेकते त्या क्षणी जो आवाज येतो, त्याचेच चारशे डॉलर. बाकी पोलाद वगैरे वर फुकट मिळतं, असं मी तरी मानतो.

अडचण अशी, की आमच्या घरात कुठे खट्ट झालं की सगळ्यांचे कान टवकारतात. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, या सिद्धांतावर माझी आई वाढली आहे आणि तिने मलाही त्यावरच वाढवलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये मॅनेजर बोलत असताना माझा हात टेबलाखाली चाकू उघडमीट करत असतो. खट्ट. दोन मिनिटांनी पुन्हा खट्ट. "भांडण लावतोस आता घरात!" अशी आतून हाक येते. तिच्या आणि बायकोच्या प्रत्येक मतभेदाची तारीख-वार नोंद करून आईने तो सिद्धांत माझ्या चाकूलाही लागू असल्याचं सिद्ध केलं आहे.

पाहुण्यांची तऱ्हा वेगळी. चाकू म्हटला की त्यांना हिंदी सिनेमाच आठवतो. "रामपुरी का?" म्हणून मान मागे घेतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरने मात्र या बदनामीचं सोनं केलं आहे. तिथल्या एका चौकात चक्क 20 फुटी चाकू उभारलाय. आमच्याकडे पेन्शनर मंडळी असा चाकू उभारू देतील का, ही शंकाच आहे.

खरं तर सांध्याच्या पात्यांचं वेड आपल्याला नवं नाही. आजोबांचा अडकित्ता आठवतो. पितळी, मुठीवर पोपट. सुपारी कातरायला मोजून अर्धं मिनिट लागायचं. उरलेली दुपार अडकित्त्याची नुसती उघडझाप. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते बघत जरा रेंगाळा. कुणावर घोडा, कुणावर मोर, कुणावर आणखी काय काय. निव्वळ सुपारीची भुकटी करायला एवढा खटाटोप कोण करेल? ते सगळे आमच्याच पंथातले. फरक इतकाच, की त्यांच्या हातून निदान सुपारी तरी कातरली जायची.

माझ्या चाकूला घरात कामच नाही. नारळ, भाजी आणि मासळी विळीकडे, दुधाची पिशवी कात्रीकडे, आणि बटाटा? बटाट्याच्या मुलखातून आलेला हा चाकू बटाटा चिरत नाही, फोडतो. पात्याची पाठ तीन मिलिमीटरच्या वर जाड, त्यामुळे धार कितीही तेज असली तरी पाचरीसारखं काम होतं. अर्ध्यात पोचलं की बटाटा 'टक्' करून आपणच दुभंगतो. सफरचंदाचं तेच. आणि हापूस तर घडीच्या चाकूचा जन्मजात वैरी. रस सांध्यात शिरला की पुढचा आठवडा खट्टऐवजी चिकट्ट. राहता राहिले कुरिअरचे खोके. सोसायटीत कुणाकडे पार्सल आलं की मी आता सहज म्हणून जिन्यात येऊन उभा असतो.

चिपळूणच्या मित्राकडे ओपिनेल आहे. 1890 मध्ये फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या जोझेफ ओपिनेल यांनी काढलेला साधा, लाकडी मुठीचा चाकू. तो त्याने रोज पेरू कापतो, फणसाचे गरेसुद्धा काढतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पातं आत अडकलं की मूठ टेबलावर आपटतो. पातं मुकाट बाहेर येतं. हीच साव्हुआवाल्यांचीही रीत. अशा माणसाशी मी चाकूविषयी काय बोलणार?

माझा वेळ जातो निगा राखण्यात. बऱ्याच कंपन्यांचा चाकू तुम्ही खोललात की वॉरंटी संपते. इथे खोलायच्या किल्ल्या कंपनी स्वतःच देते. मग रविवारी वर्तमानपत्र पसरायचं, स्क्रू काढायचे, फॉस्फर ब्राँझच्या चकत्या पुसायच्या, चकत्यांना पाडलेल्या भोकांमध्ये ग्रीसचा ठिपका सोडायचा आणि पुन्हा सगळं जुळवायचं. सांध्याचा स्क्रू गच्च आवळला तरी पातं अडत नाही, कारण ताण आतली नळी झेलते. त्या नळीच्या लांबीत केसभर चूक झाली असती तर पातं एकतर डुगडुगलं असतं, नाहीतर हललंच नसतं. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर कधी बदलतोस?"

धारेचा विषय आणखी नाजूक. माझं पातं एस35व्हीएन पोलादाचं. वितळलेल्या धातूची आधी भुकटी करतात आणि ती उष्णतेने व दाबाने एकजीव करतात. त्यात तीन टक्के व्हॅनेडियम असतं, आणि त्याचे कार्बाइडचे कण साध्या दगडाच्या कणांपेक्षाही कठीण. म्हणून हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. आमच्याकडे सुरीला धार लावायची तर कपाच्या बुडावर दोन हात मारतात, किंवा सायकलवर चाक फिरवत दारोदार हिंडणाऱ्या धारवाल्याला हाक मारतात. एकदा आईने त्याला बोलावलं आणि विळीबरोबर माझा चाकूही खाली नेला. चाकातून ठिणग्या उडायला लागायच्या आत मी जिना उतरलो. तापलेल्या चाकाने पोलादाचं पाणी उतरतं, हे मी धापा टाकत सांगितलं. धारवाला समजूतदार निघाला. पात्यावरून अंगठा आडवा फिरवून म्हणाला, "साहेब, याला धार कशाला? वापरलाच नाहीये."

खिशात ठेवला तर किल्ल्या घासून टायटॅनियमवर चकचकीत वेड्यावाकड्या रेघा उठतात. शौकीन त्यांना गोगलगायीचा माग म्हणतात आणि त्यावर दोन तट आहेत: रेघा मिरवणारे आणि रेघा टाळायला चाकू खिशातच न ठेवणारे. मी दुसऱ्या तटात आहे. माझा खिशातला चाकू कपाटात असतो.

तिथून तो खंडेनवमीला हमखास बाहेर येतो. विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, पान्हे यांच्या रांगेत आई त्यालाही मांडते आणि हळदकुंकू वाहते, तेही सढळ हाताने, बरोब्बर सांध्यावर. कुंकवाची पूड ग्रीसमध्ये गेली की खट्टचं खर्र होतं. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी मी वर्तमानपत्र पसरून चाकू खोलून बसतो. यंदाही तसाच बसलो होतो. चकत्या एकीकडे, नळी दुसरीकडे, एक स्क्रू सोफ्याखाली. आई झेंडूचं तोरण ओवून दारात आली.

"दोरा तोडायचाय. तुझा तो चारशेचा दे बघू."

मी वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. आईने पसारा पाहिला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "बायकोला विचार, डॉलरचा भाव काय चाललाय. तिने मला कधीच सांगितलंय."