घाटावरचा बँड, घाटाखालचा बँड

लग्नाच्या बँडचा निष्ठावंत चाहता बुलडाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत आढळतो. तो बहुधा पुरुष, पंचेचाळिशी ओलांडलेला, नात्याने नवरदेवाचा मामा किंवा मामा म्हणवून घेणारा असतो. मिरवणुकीत त्याची जागा ठरलेली असते: क्लॅरिनेटच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्याला नाचता येत नाही, गाता येत नाही, आणि पत्रिकेत त्याचे नाव इतक्या बारीक टाइपात असते की ते त्यालाच बोट ठेवून दाखवावे लागते. तरीही नवरदेवाची घोडी मारुतीच्या देवळापासून केव्हा पुढे सरकायची, हे गुरुजी ठरवत नाहीत, वरबाप ठरवत नाही. हा ठरवतो.

याच जातकुळीचा माणूस इंग्लंड-अमेरिकेत पंक रॉकचा चाहता म्हणून ओळखला जातो. 1974 साली न्यूयॉर्कमध्ये ‘रमोन्स’ नावाचा बँड निघाला. त्यातल्या सगळ्यांनी रमोन हेच आडनाव लावले. प्रत्यक्षात कोणी कोणाचा भाऊ नव्हता. (मामांच्या बाबतीतही फार चौकशी करू नये.) 1976 च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरची 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. तेवढ्या वेळात चिखलीतली वरात विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाईल याची खात्री नाही. पुढे 1996 पर्यंत त्यांनी 2,263 कार्यक्रम केले, आणि वाजवण्याची तऱ्हा पहिल्या दिवशी होती तीच शेवटच्या दिवशी ठेवली. समीक्षकांना हा दोष वाटू शकतो. चाहत्यांनी पैसे याच गोष्टीचे मोजले होते. मूळ चौघांपैकी आज कोणीही हयात नाही, पण गरुडाचा शिक्का छापलेला त्यांचा काळा टी-शर्ट अजून खपतो, आणि तो घालणाऱ्या कित्येकांनी त्यांचे एकही गाणे ऐकलेले नसते.

पंकच्या इतिहासातली दुसरी घटना तर बुलडाण्यातच घडल्यासारखी आहे. 4 जून 1976 रोजी मँचेस्टरमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’चा कार्यक्रम झाला. प्रेक्षक होते सुमारे चाळीस. पुढे बँडचे नाव झाले आणि ‘त्या रात्री आपण तिथे होतो’ असे सांगणारे हजारोंनी निघाले. इथला चाहताही अशाच एका लग्नाचा साक्षीदार असतो. क्लॅरिनेटवाल्याने ‘नागिन’ अशी काही लावली की कडब्याच्या गंजीतून खरा साप बाहेर आला, असे ते लग्न. गाव प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलते, सापाची लांबी वाढते, पाहणारे मात्र सगळे हजर होते.

बँडची सामग्री मूळची गोऱ्या पलटणींची. त्याआधी इथल्या लग्नाला सनई, संबळ आणि डफडे पुरे होते. पलटणीच्या बँडचा थाट आधी संस्थानिकांनी उचलला आणि मग ज्याच्याकडे एका दिवसापुरते घोडे होते त्याने. मेरठच्या जाळी कोठी भागात नादिर अली अँड कंपनी 1885 पासून या धंद्यात आहे, आणि देशभरातल्या वराती तिथल्या पितळावर वाजत आल्या आहेत. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा आणि दोन खुळखुळे एवढा संच झाला की बँड उभा राहतो. खुळखुळेवाला बहुधा बँडमास्तरांचा भाचा असतो. लाल कोट एकाच मापाचे शिवलेले असतात, वाजवणारे मात्र निरनिराळ्या मापांचे. सोयाबीनच्या सोंगणीला मजुरीवर गेलेलाच माणूस तुळशीच्या लग्नानंतर खांद्यावर सोनेरी झालर लावून उभा असतो, आणि चाहता त्याला एकदम ‘मास्तर’ म्हणू लागतो.

आता गाण्यांविषयी, कारण चाहत्याचे खरे दैवत तिथे आहे आणि त्याला त्याचे नाव ठाऊक नाही. ‘नागिन’ हा सिनेमा 1954 चा, संगीत हेमंतकुमारांचे. त्यातली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून ती उभी केली. हेच रवी पुढे स्वतः संगीतकार झाले. मुलीची पाठवणी करताना ज्या गाण्यावर बापाचा बांध फुटतो ते 1968 च्या ‘नील कमल’मधले गाणे त्यांचे, आणि मित्राच्या लग्नाचा आनंद सांगणारे, प्रत्येक वरातीत वाजणारे 1977 च्या ‘आदमी सडक का’मधले गाणेही त्यांचेच. 1977 हे लंडनमध्ये पंकने राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात राणीवर गाणे काढून बीबीसीकडून बंदी ओढवून घेतली ते वर्ष. बुलडाण्याला त्या वर्षी जे गाणे मिळाले त्यावर अद्याप कोणी बंदी घातलेली नाही, आणि ते अद्याप थांबलेलेही नाही.

म्हणजे खामगावच्या रस्त्यावर घडते ते असे: विजेच्या वाद्याने बिनीची नक्कल केली, त्या नकलेची नक्कल क्लॅरिनेटने केली, आणि त्यावर एक मामा नाग झाला. खरा साप बिनीच्या सुरावर नव्हे, तिच्या हालचालीवर डोलतो. मामाचेही तसेच आहे. तो रुमालाचे एक टोक दातांत धरतो, दुसरे क्लॅरिनेटच्या भोंग्याकडे ताणतो आणि गुडघ्यांवर बसतो. मास्तर वाकतात. मामा आणखी खाली जातो. मास्तर आणखी वाकतात. शेवटी मामा पाठीवर पडतो, मास्तर त्याच्या छातीवर क्लॅरिनेट रोखून उभे राहतात, आणि मागे घोडीवर नवरदेव मुंडावळ्यांतून घड्याळाकडे पाहतो. मामाला उठवायला दोघे लागतात. मग शंभराची नोट तीनदा ओवाळली जाते. चौथ्यांदा ओवाळून ती खिशात परत जाते की काय, या शंकेने मास्तर ती मधेच अलगद काढून घेतात. सूर तुटत नाही. एका हाताने वाजवता येईल असा सूर ते अशा वेळी आधीच धरून ठेवतात.

जिल्ह्यातला मोठा मतभेद भौगोलिक आहे. राजूर घाट आणि बोथा घाट यांनी जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावरचे. घाटावरचा चाहता म्हणतो, वर हवा थंड, माणसाचा दम टिकतो. घाटाखालचा म्हणतो, मे महिन्याच्या झळांत जो वाजवतो तोच खरा वाजवणारा. पुरावा कोणी देत नाही, आवाज दोन्ही बाजू देतात. घाटाखालच्यांच्या बाजूने विज्ञान मात्र थोडे आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि फुंकवाद्याचा सूर किंचित चढतो. चाहत्याचा कान अशा उन्हाळी सुरावर घडलेला असतो. म्हणून मार्गशीर्षातल्या लग्नात तेच गाणे नीट सुरात लागले की तो खिन्न होतो. ‘आता कायचा बँड राह्यला राजेहो,’ असे म्हणून तो मांडवाच्या खांबाला टेकतो. सोळाव्या वर्षी जे जसे ऐकले, चुकीच्या त्या एका सुरासकट, तसेच त्याला हवे असते. ट्रम्पेटवाला बदलला तर चालते. त्याची चूक बदललेली चालत नाही.

त्याचा शत्रू डीजे. डीजेबद्दल त्याची तक्रार आवाजाची नाही. आवाज त्याला कधी जास्त वाटलाच नाही. त्याचे म्हणणे असे की डीजे माणसाकडे बघत नाही. मास्तर डोळ्याने विचारतात, मामा डोळ्याने होकार देतो, आणि अंतरा पाचव्यांदा येतो. ट्रॅक्टरवर रचलेल्या खोक्यांना डोळा कुठून मारायचा? 2016 मध्ये ‘सैराट’चे नाचाचे गाणे आले तेव्हा डीजेवर ते ऐकून त्याने तोंड फिरवले होते. तेच क्लॅरिनेटवर ऐकल्यावर ते आपल्या काळातलेच असल्याची त्याची खात्री पटली.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. बँडही मग आवरता घेतात. डोक्यावरच्या बत्त्या उतरतात, जनरेटरचा गाडा थांबतो, ढोलाच्या दोऱ्या सैल होतात. मास्तर क्लॅरिनेटची मुखनळी काढून झटकतात. मामा एकच ‘नागिन’ आणखी मागतो; मास्तर मान हलवतात. मग तो मोठ्या मायेने, पुसायला घ्या म्हणून, दिवसभर दातांत धरलेला रुमाल पुढे करतो. मास्तर हात जोडतात आणि स्वतःच्या कोटाच्या बाहीने क्लॅरिनेट पुसतात.