गडग्यापलीकडचे बॅरिस्टर

"ऐकलंस काय गो? खालच्या आळीतल्या डॉक्टरांचा नातू लंडनला चालला. बॅरिस्टर होणार, आणि परत आला की खासदारकीला उभा राहणार म्हणे!"

माईंनी आमसुलांचं सूप गडग्यावर टेकवलं. म्हणजे आता अर्धा तास तरी माझी सुटका नव्हती.

"बॅरिस्टर कशाला, माई? १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानं बॅरिस्टर आणि साधा वकील एकाच पंगतीला बसवले. मुंबईत शिकूनसुद्धा वकिली करता येते."

"तुम्हां पुणेकरांना प्रत्येक गोष्टीत कायदा आठवतो. अगो, आमच्या नाथ पैंची वकिली कुणाला आठवते? पण बॅरिस्टर म्हटलं की वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंत एकच माणूस."

नाथ पै निघाले की माईंना आवरणं कठीण. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्म, शिक्षण बेळगावला, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, मग विलायत. हे सगळं त्यांनी एका दमात उरकलं, कारण खरा रस पुढे होता.

"आणि बायको व्हिएन्नाची! समाजवादी तरुणांच्या जगभरच्या संघटनेचा हा अध्यक्ष, मग व्हिएन्नाची सोयरीक झाली तर नवल काय? आमच्या आजीला मात्र एकच काळजी. ती बांगड्याचं तिखलं खाते की नाही?"

"खात होत्या?"

"ते मला काय ठाऊक! मी तेव्हा परकरात." माईंनी मुठीत आलेलं एक खडं आमसूल बाजूला काढलं. "पण १९५७ ची निवडणूक आठवते हो. संयुक्त महाराष्ट्राचं वारं, बॅरिस्टर राजापूरला उभे, निशाणी प्रजा समाजवादीची झोपडी. भिंतीभिंतीवर झोपड्याच झोपड्या. आणि त्याच वर्षी एक एप्रिलला कूळकायद्याचा कृषकदिन. आमच्या माहेरची मळ्याची भातशेती कुळांकडे गेली ती तेव्हाच."

"तरी मत झोपडीला?"

"वडिलांनी दिलं. चार दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत, पण मत झोपडीलाच."

मला राहवलं नाही. म्हटलं, "माई, मग तुमच्या बॅरिस्टरांनी पुढे तुमच्याच विरोधात विधेयक आणलं की!"

पंजाबात जालंधरला गोलकनाथ नावाचं कुटुंब होतं, पाचशे एकरांवर शेती. जमीनधारणेच्या कायद्यानं त्यातली बरीचशी जाणार म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ ला अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावायचा अधिकार संसदेला नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा त्या हक्कांतच होता. त्याच वर्षी राजापूरच्या खासदारानं खासगी विधेयक मांडलं, की घटनेचा कुठलाही भाग बदलायचा अधिकार संसदेला आहे असं स्पष्ट लिहा. विरोधी बाकावरचा, छोट्या पक्षाचा माणूस. पण देशभर चर्चा झाली ती 'नाथ पै विधेयक' याच नावानं.

"मला ठाऊक नाही असं वाटलं तुला?" माई जरा घुश्शात म्हणाल्या. "वडील म्हणायचे, कोर्टात उभा राहता तर गोलकनाथाची बाजू घेऊन चार पैसे तरी मिळवता. हा कुळांचं वकीलपत्र घेऊन दिल्लीत बसलाय, फी कोण देणार?"

"पण विधेयक मंजूर कुठे झालं?"

"माणूसच राहिला नाही तर! १७ जानेवारी, बेळगावचा हुतात्मा दिन. छप्पन साली सीमाप्रश्नात गोळीबार झाला तो दिवस. १९७१ ला तिथे भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचं वय गो. हृदय आधीच कुरकुरत होतं, तरी ऐकलं नाही."

दोघी थोडा वेळ आमसुलंच परतत होतो. मग मी पुढचं सांगितलं, कारण ते मला खटकतं. इंदिराबाई मोठ्या बहुमतानं आल्या आणि त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती करून त्यांनी बॅरिस्टरांचंच म्हणणं कायद्यात आणलं. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीश बसले, सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण घटनेचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. आणि मग पंचाहत्तरची आणीबाणी. "तेव्हा बॅरिस्टर असते, तर स्वतःचं विधेयक आठवून झोप लागली असती त्यांना?"

"तुरुंगात असते," माई ताडकन म्हणाल्या. "तिथे कसली झोप! आणि हे बघ, लोकांनी निवडलेल्यांवर भरवसा ठेवला, यात त्यांचं काय चुकलं? चुकलं असेल तर निवडून दिलेल्यांचं."

मला हे पटत नाही. अर्धा निकाल बॅरिस्टरांच्या बाजूनं लागला आणि उरलेला अर्धा विरोधात, तो विरोधात लागला म्हणून बरं झालं, असं माझं मत. पण ते गडग्यावर बोलायची सोय नाही. आमसुलं त्यांची होती.

"बासष्टला," त्याच पुढे म्हणाल्या, "महाराष्ट्रातल्या चव्वेचाळीसपैकी एक्केचाळीस जागा काँग्रेसच्या. राजापूर तरीही यांचंच. का सांग? दिल्लीहून यायचं म्हणजे मुंबईला आगबोट धरा, नाहीतर घाट उतरून एसटीनं या. पावसाळ्यात तर बोटही बंद. कोकणात रेल्वे हवी म्हणून बॅरिस्टर बोलून बोलून थकले, आणि गाडी पूर्ण धावली २६ जानेवारी १९९८ ला. पण माणूस आला की मालवणीत घरची चौकशी करायचा, आणि तिकडे संसदेत इंग्रजीत उभा राहिला की नेहरूसुद्धा ऐकत बसायचे म्हणे. असा दुसरा मिळाला काय आपल्याला?"

"दंडवते होते की."

"ते प्रोफेसर. फिजिक्सचे. एकाहत्तरपासून पाच वेळा निवडून दिलं त्यांना."

"आणि १९९१ ला पाडलं!"

"तेव्हा मी कावीळ होऊन पडले होते, माझं मत नाही त्यात." सूप उचलता उचलता माईंनी बोटं मोडली. "बॅरिस्टर झाले, प्रोफेसर झाले, मग ते सैन्यातले मेजर, मग सीए सुरेश प्रभू. मतदारसंघ नाही गो, विद्यापीठ होतं ते. आता राजापूर नावाचा मतदारसंघच उरला नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. बरं, तुझ्याकडे खोबरं खवलेलं आहे काय वाटीभर?"