चिकू पोचले, मेल अडकले

घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या वाडीतलं फळ कागदोपत्री खानदानी झालं. त्या फळाची खबर देणारा माझा मेल मात्र अजून उडाणटप्पूच समजला जातो. कारण तो माझ्या स्वतःच्या सर्व्हरवरून निघतो. आपला पत्रव्यवहार परक्याच्या गोदामात का ठेवायचा, असा माझा बाणा. बाण्याला खर्च नसतो, अशी तेव्हा समजूत होती.

जुन्या लॅपटॉपवर पोस्टफिक्स हे मेल-सर्व्हरचं सॉफ्टवेअर चढवलं. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर लावला. २०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन अधूनमधून हादरते, म्हणून लॅपटॉप सुतळीने कपाटाला बांधला. एवढ्या बंदोबस्तात सोडलेला पहिला मेल घराबाहेरच पडला नाही. सर्व्हर एकमेकांना टपाल देतात ते पंचवीस नंबरच्या पोर्टातून, आणि घरगुती जोडणीवर बऱ्याच कंपन्या ते बंदच ठेवतात. व्हायरस लागलेले घरोघरचे कॉम्प्युटर तिथूनच कचरा ओकायचे ना! शिवाय घरगुती आयपी पत्ते सरसकट काळ्या यादीत असतात. त्यासाठी वेगळा गुन्हा करावा लागत नाही.

मग मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने सर्व्हर घेतला. वाट्याला आलेला पत्ता आधीच्या भाडेकरूने पार बदनाम केलेला. यादीतून नाव काढायचा अर्ज भरला आणि मी कधीच न केलेल्या गोष्टी ‘यापुढे होणार नाहीत’ असं लिहून दिलं.

पुढचं सगळं दापचरीच्या तपासणी नाक्यासारखं. गाडी बाजूला घ्या, कागद दाखवा. एसपीएफ म्हणजे या डोमेनचा माल कुठल्या पत्त्यांवरून निघू शकतो त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे मालावरचं सील. यातलं एकही जुळलं नाही तर गाडीचं काय करायचं, ते डीएमएआरसी सांगतं. आणि पीटीआर म्हणजे पत्त्याला उलटं विचारलं तर त्याने आपलंच नाव घेतलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने जीमेलवर रोज पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी सक्तीचं केलं. मी धाडतो बोटांवर मोजण्याइतके, पण हौस दांडगी.

डीकेआयएमने सर्वांत रडवलं. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे चारशेच्या आसपास अक्षरांची गिचमीड, आणि डोमेनच्या नोंदीत एका तुकड्याला मर्यादा २५५ची. तिचे दोन तुकडे करून, अवतरणचिन्हांत घालून चिकटवताना शेपटाची काही अक्षरं गळली. सील फुटलेलं, गाडी परत. रात्री चष्मा कपाळावर चढवून मी एकेक अक्षर ताडून बघत होतो. शेजारी बायको चिकूच्या पेट्यांवर मार्करने पत्ते घालत होती. म्हणाली, “माझं पोचतं.”

कागद पुरे झाल्यावरही काही सर्व्हर ‘ओळख नाही, नंतर या’ म्हणून ४५१ नंबरचं उत्तर हातावर ठेवतात. तलासरीचा मेहुणा ट्रकवाला. तो म्हणाला, “भाऊजी, आमच्या गाड्यासुद्धा एवढ्या थांबत नाहीत हो!”

अखेर मेल तपासणाऱ्या एका साइटने दहापैकी दहा गुण दिले. मी पेढे आणले. मेल स्पॅममध्येच.

आता गाडी अडली होती ती पत नाही म्हणून. नव्या पत्त्याला पत नसते. ती हळूहळू कमवायची, थोडे मेल पाठवायचे, आणि लोकांनी उघडून उत्तर दिलं तर उत्तमच. तेव्हा नात्यागोत्यात सगळ्यांना लिहिलं: ‘मी नवा पत्ता घेतला आहे. कृपया हा मेल स्पॅममधून बाहेर काढा आणि लगेच उत्तर द्या.’ लिहिताना त्यात काही वावगं वाटलं नाही.

गूगलचं सांगणं असं, की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजारात तिघांचीसुद्धा तक्रार नको. संध्याकाळी बोर्डीहून मावशीचा फोन आला. आवाज दबका.

“अरे, तुझ्या नावाने कोणी भामटा मेल पाठवतोय. लगेच उत्तर द्या म्हणतो. मी दाबलं बाबा ते स्पॅमचं बटण.”

“मावशी, तो मीच...”

“तू घाबरू नकोस. घरातल्या सगळ्यांना दाबायला लावलंय. तलासरीलाही कळवलंय.”