मध्यम वर्ज्य

प्रवेश अर्जात 'वादनाचा अनुभव' असा रकाना होता. मी '४५ वर्षे' असं लिहिलं. खोटं नव्हतं. माउथ ऑर्गन पहिल्यांदा तोंडाला लावला त्याला तितकी वर्षं झालीच होती. मधल्या काळात तो कितीदा लावला, हे अर्जात विचारलं नव्हतं. खालचा रकाना 'गुरू'. तिथे जरा विचार करून 'स्वयंभू' असं भरलं. हे स्वयंभू प्रकरण पुढे अंगाशी आलं.

स्पर्धेसाठी नवा घेतला, जर्मन, दहा भोकांचा. ट्रॉसिंगेन नावाच्या गावात होनर कंपनी १८५७ पासून हा उद्योग करते, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की, 'ट्रॉसिंगेन' म्हटलं की मुलगा हेडफोन लावतो. दहा भोकं, वीस पत्त्या. सा फुंकायचा, रे ओढायचा. ग फुंकायचा, म ओढायचा. प फुंकायचा, ध ओढायचा. इथपर्यंत श्वास घेणाऱ्या कुठल्याही प्राण्याला जमेल. पण नीसुद्धा ओढायचाच असतो आणि वरचा सा फुंकायचा. म्हणजे लागोपाठ दोनदा ओढणं आलं, आणि माझ्या वयाला तिथे डोळ्यांपुढे चांदण्या येतात. 'सोलवाँ साल'साठी आर. डी. बर्मननं माउथ ऑर्गन वाजवला तेव्हा, १९५८ साली, त्याची विशीही उलटली नव्हती. त्याचं काय कौतुक! फुप्फुसं नवी होती.

सराव बाथरूममध्ये. तिथे मी उत्तम वाजतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. माउथ ऑर्गन हे जगातलं सगळ्यात उष्टं वाद्य आहे. बासरीही तोंडालाच लावतात, पण बासरीत माणूस नुसता फुंकतो. इथे फुंकलेलं परत ओढायचं. आमच्या आजीनं हे शास्त्र पहिल्याच दिवशी ओळखलं. दादानं 'शोले' पाहून, महिनाभर सायकलच्या दुकानात पंक्चरं काढून, त्या पैशांचा माउथ ऑर्गन आणला होता. पडद्यावर अमिताभ वाजवतो तो आवाज खरा भानू गुप्तांचा, हे तेव्हा दादालाही माहीत नव्हतं. आजीनं ते यंत्र चिमटीत धरून पाहिलं आणि निकाल दिला, "हे खरकट्यात जमा." त्या दिवसापासून माउथ ऑर्गन देवघराकडच्या फडताळात चढला नाही. त्याची जागा मोरीजवळच्या कोनाड्यात, दात घासायच्या राखुंडीशेजारी. वाजवण्याआधी चूळ, वाजवल्यावर चूळ. सोवळं नेसून आजी समोरून जात असेल तर वाजवणाऱ्यानं श्वास आतच धरायचा. पाहुण्यांच्या पोरांना वाजवायला देणं म्हणजे पंगतीत एका पानात दोघांनी जेवणं. दादानं त्या सगळ्या कायद्यातलं एकच कलम मनावर घेतलं: धाकट्याला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या मते मी मूर्तिमंत उष्टा होतो, आणि पुरावे त्याच्या बाजूने होते. माझ्या तोंडात सतत काहीतरी असायचंच.

त्या दिवाळीत ते चिवडा होतं. दादा बाहेर गेला, मी कोनाड्यातून ऑर्गन काढला आणि भरल्या तोंडानं फुंकला. पातळ पोहा एका भोकात गेला. पाचव्या. मी पुसून होता तसा ठेवून दिला. पुन्हा त्याचा म वाजला नाही.

तर स्पर्धा. माझ्याआधी साधारण नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्याकडे बाजूला खटका असलेला ऑर्गन होता. खटका दाबला की कोमल-तीव्र सगळे सूर निघतात. तिनं ते असे काढले की मी टाळ्या वाजवताना हात थोडे आखडतेच घेतले. मग मी. कोणतं गाणं वाजवलं ते सांगत नाही, त्या बिचाऱ्या गाण्याची बदनामी नको. डोळे मिटून, मान किंचित तिरकी, शेवटी जरा थरथर. डोळे उघडले तर परीक्षक पेन्सिल गालाला लावून बसलेले.

"शंकरा रागात बसवायचा विचार होता का?"

मी नम्रपणे हसलो. दाद असावी.

"नाही, मध्यम वर्ज्य दिसला म्हणून विचारलं. जरा सा रे ग म वाजवता?"

मी वाजवलं. सा, रे, ग, प. सभागृह हसलं. पुन्हा वाजवलं. सा, रे, ग... आणि छाती आपोआप थांबली. नवा कोरा जर्मन म तिथे हजर होता, पण माझा श्वास त्याला ओलांडून गेला, आजीला वाट द्यावी तसा. दादाचा ऑर्गन पुढे माझ्याकडे आला, त्यावरच मी सगळं शिकलो, आणि ४५ वर्षं प्रत्येक गाणं म गाळूनच वाजवत आलो. बायको नंतर म्हणाली, "कुठेतरी अडखळल्यासारखं वाटायचं हो, पण म्हटलं तुमची स्टाईल असेल."

हसू माझ्यावर होतं, त्याचं काही नाही. पण त्या हशाचा आवाज ओळखीचा निघाला. कॉलेजच्या गॅदरिंगला दादा वाजवायला उभा राहिला होता. एक सूर सारखा गायब. मागच्या बाकांवरून पोरं हुर्यो करत होती. दादानं गाणं अर्ध्यात सोडलं, घरी येऊन ऑर्गन माझ्या अंथरुणावर टाकला आणि म्हणाला, "घे, उष्टा तर केलाच आहेस." मला वाटलं होतं, मी जिंकलो.

रात्री मिरजेला फोन लावला.

"दादा, तुझ्या ऑर्गनचा म मी बिघडवला होता. चिवड्यातला पोहा."

"माहीत आहे. हळद लागली होती त्याला. दुसऱ्याच दिवशी काढला मी."

"मग?"

"आईच्या सुईनं काढला. पोहा निघाला, बरोबर पत्तीपण निघाली. सतारमेकरांकडे घेऊन गेलो, ते म्हणाले, भोपळा असेल तर आण."

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? मी आपला..."

"सुई कुणी मोडली ते आईला सांगितलं असतंस." थोडा वेळ पलीकडून नुसता पंखा ऐकू येत होता. "नव्याचा म वाजतो?"

"वाजतो."

"वाजव बघू."

फोन टेबलावर ठेवला, पाचवं भोक शोधलं, श्वास घेणार तेवढ्यात दादा ओरडला, "चूळ भरलीस का?"